उजव्या पायात स्लीपर

ऊस चालू झाला की माझं वाचन बंद पडतं. तळेगाव ढमढेऱ्यातल्या माझ्या खोलीची खिडकी थेट रस्त्यावर उघडते. दिवाळी सरते, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटू लागतं आणि एक दिवस खालून पहिला ट्रॅक्टर जातो. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांना न पेलणारा ऊस आणि त्या उसालाही न पेलणारं गाणं. टेबलावरच्या चहात वर्तुळं उठतात. लिंबाची खालची फांदी उसाच्या शेंड्यांकडून मार खाते. मी पान उलटतो, पुन्हा मागे येतो, तेच पान वाचतो आणि चष्मा काढून ठेवतो. निवृत्त माणसाला कुठलाच हंगाम राहत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांची घरं रस्त्यापासून आत असावीत.

माझ्या घरात कुणी कधी ऊस लावला नाही. आमची थोडीफार तरकारी होती, ती बाजाराच्या दिवशी पाटीत बसायची आणि संध्याकाळी संपायची. तेव्हा ही चुळबूळ उसाची नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती दोन पायांची आहे. डाव्या पायात फुटबॉलचा बूट, उजव्या पायात निळ्या पट्ट्याची रबरी स्लीपर, आणि पायांखाली उसाचं वाळत घातलेलं चिपाड.

यंदा पहिला ट्रॅक्टर गेला त्याच आठवड्यात मोबाईलवर सुमेधचा निरोप आला. ‘सर, सुट्टी मिळाली. दौंडला थांबत न्हाई. शटलनं खुटबावला येतो.’

एखाद्यानं कुठल्या स्टेशनावर उतरावं, हा तो आणि रेल्वे यांच्यातला प्रश्न. पण सुमेध खुटबावचा. त्याची आई खुटबावात राहते. आणि गेली काही वर्षं तो बंगळूरहून येऊन दौंडला उतरे, तिथल्या वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राही, आईला तिकडे बोलावून घेई आणि तिथूनच परत जाई. खुटबावच्या फलाटाला त्याचा पाय लागत नव्हता. निरोप वाचल्यावर मी खोलीत फेऱ्या घातल्या. नंतर उगाचच खिडकी पुसली.

नोकरीची शेवटची वर्षं मी खुटबावच्या शाळेत काढली. मराठी शिकवत होतो. गावात मराठीचा मास्तर असणं ही एक स्वतंत्र सोय असते. लग्नपत्रिका, दशक्रियेची जाहिरात, सत्काराचं मानपत्र, सगळं त्याच्याकडे येतं. मी रुळांपलीकडे, एका गुऱ्हाळाला लागून खोली घेतली होती, ती गावापासून लांब राहावं म्हणून. पत्रिका घेऊन लोक तिथवरही यायचे, आणि जाताना गूळ खाऊन जायचे.

गुऱ्हाळाशेजारी राहिलेल्या माणसाच्या नाकात नंतर काही राम राहत नाही. पहाटे काहिलीतला रस उकळायला लागला की तो वास आधी दाराच्या फटीतून यायचा, मग सदऱ्यात शिरायचा, मग पुस्तकांत. अजून एखादं जुनं पुस्तक उघडलं की चिकट पानं सुटताना किंचित आवाज होतो. दुपारी गांधीलमाश्या. चुलाणाची काजळी दोरीवरच्या धोतरावर. आणि खोलीसमोर, जिथवर नजर जाईल तिथवर, रस काढून उरलेलं पांढुरकं चिपाड उन्हात पसरलेलं. ते वाळलं की जळण म्हणून चुलाणात जायचं. त्यावरून चाललं की गादीवरून चालल्यासारखं वाटे आणि पोटऱ्या भरून येत.

सुमेध त्या चिपाडावर पळायचा. नववीत होता तेव्हापासून. “हितं पळालं की मैदानात पाय उडत्यात, सर,” एवढंच त्याचं शास्त्र. आमच्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट. टेनिसच्या चेंडूवरचे सामने, कुणातरी नेत्याच्या नावाचा चषक आणि सीमारेषेबाहेर समालोचन करणारा एक घसा बसलेला इसम. फुटबॉल होता तो दौंडला. रेल्वेच्या वसाहतीत कोळशाच्या इंजिनांच्या काळापासून तो टिकून आहे. सुमेधचे वडील तिथे ट्रॅकमन. त्यांचा डबा पोचवायला गेलेला मुलगा मैदानाच्या कडेला थांबला, आणि मग डबा रोज उशिरा पोचू लागला.

तिथे त्याला पीटर अंकल भेटले. मालगाडीवर गार्ड होते, निवृत्त झाले आणि शिट्टी बरोबर घेऊन आले. पोरांना तिच्यावरच पळवत. “ए सुमेध, राइट टाइम चल, लेट नको करू,” असं ते तीन भाषांच्या सांध्यावरून ओरडायचे. त्यांनीच एकदा त्याचा खेळ मोबाईलवर टिपून इकडेतिकडे पाठवला. बंगळूरच्या एका क्लबानं सुमेधला ट्रायलला बोलावलं. तेव्हा त्याची बारावी उन्हाळ्यात झाली होती आणि हंगाम असाच, नव्यानं पेटलेला होता.

हंगामाच्या सुरुवातीला आमच्याकडचे सगळेच पेटलेले असतात. साखर कारखान्यात गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा समारंभ होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. त्यात मोळीला इतके हात लागलेले असतात की ऊस दिसत नाही. गव्हाण त्या क्षणापुरती पाहुण्यांसाठी थांबवलेली असते. पाहुणे गेले की ती चालू होते आणि खरा ऊस आत जाऊ लागतो. त्याचं छायाचित्र कुणी काढत नाही. मला ही रीत फार बोलकी वाटते. आमच्या भागात अभिनंदनाला घटना लागत नाही, चौक लागतो.

चौकातल्या चहाच्या टपरीवर आप्पांनी मला हाक मारली. आप्पा म्हणजे गावातल्या दोन गटांपैकी एकाचे प्रमुख. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती.

“सर, आपलं सुमेध इंडियाच्या टीममदी गेलं म्हणं.”

“ट्रायलला बोलावलंय, आप्पा. एका क्लबानं.”

“त्येच की. बोलावलं म्हंजी घ्यायचंय म्हणूनच. बिनघ्यायचं कोण कशाला बोलावतंय?”

“परीक्षेला बोलावतात ना, तसं आहे हे.”

“तुम्ही मास्तर माणूस. तुम्हाला समदीकडं परीक्षाच दिसती.” बाकावरची मंडळी हसली. आप्पांनी कप उलटा ठेवला. “दुसऱ्या गटानं बोर्ड लावायच्या आत आपला लागला पायजे. जो आदी सत्कार करंल, त्याचं पोरगं.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी विनोदानं म्हटलं नव्हतं. ती कार्यपद्धती होती.

मानपत्र अर्थातच माझ्याकडे आलं. मी त्यात शुभेच्छांशिवाय काही घातलं नाही. शुभेच्छांना पुरावा लागत नाही. वाचणाऱ्या तरुणानं ऐन वेळी त्यात ‘राष्ट्रीय खेळाडू’ घातलं, आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

सत्कार सुमेधच्या गल्लीत झाला, विहारासमोरच्या मोकळ्या जागेत. ती बौद्धवस्तीची गल्ली. मिरवणुका तिच्या तोंडावरून वळून जायच्या. त्या दिवशी डीजे आत आला. जेसीबी आला, त्याच्या फावड्यातून झेंडूची फुलं पडली आणि त्यांच्याबरोबर थोडी मातीही. सुमेधच्या आईनं, संगीताताईंनी, ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं आणि शेजारपाजारून खुर्च्या गोळा केल्या होत्या. सुमेधच्या डोक्यावरचा फेटा त्याच्या मापाचा नव्हता. मान हलवली की फेटा थोड्या वेळानं हलायचा. एका वक्त्यानं त्यानं देशासाठी षटकार ठोकावेत अशी अपेक्षा व्यक्त केली.

शेवटी माईक सुमेधच्या हातात आला. तो म्हणाला, “माझी निवड झालेली न्हाई. नुस्ती ट्रायल हाय. घेतील का न्हाई म्हाईत न्हाई.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “एवढं यश मिळून केवढा हा विनय!” सूत्रसंचालक म्हणाले. खरं बोलून सुटण्याचा रस्ता माणसानं शोधावा आणि त्याच्या तोंडावर कमान उभारलेली असावी, तसं झालं ते.

दुसऱ्या दिवशी संगीताताई मला म्हणाल्या, “आप्पा आमच्या दारात बसून चहा प्यालं, सर. इलेक्शनला येत्यात, पर उभ्यानंच जात्यात. काल खुर्चीत बसून आक्खा कप प्यालं.” माझ्या जिभेवर त्या वेळी एक खोचक वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. समारंभांची चेष्टा करायला ज्यांच्या दारात समारंभ पुष्कळ झाले आहेत त्यांनाच परवडतं.

चौकात फ्लेक्स लागला. मधे फेटेवाला सुमेध, वर दोन्ही कोपऱ्यांत गोल चौकटींत दोन मोठे चेहरे, एकीकडे तालुक्याचे साहेब, दुसरीकडे आप्पा. खाली शुभेच्छुकांची रांग. सुमेधचा चेहरा त्या दोन गोलांपेक्षा थोडा लहानच होता, पण मधे होता.

आठवड्याच्या आत तो परत आला. निवड झाली नव्हती. तिथल्या प्रशिक्षकानं त्याला बाजूला घेऊन चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. पळतोस चांगला, डोकं चालतं, पण सगळं उजव्या पायानं करतोस. समोरच्याला हे पाच मिनिटांत कळतं, मग तुला अडवणं सोपं. तुझ्या बाजूला, डावीकडे, आम्हाला डावा पाय लागतो. तो घेऊन ये, पुन्हा बघू.

गाडी दौंडला आली. सुमेध उतरला आणि वडिलांच्या क्वार्टरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. खुटबावला जायला तयार होईना. स्टेशनातून वस्तीकडे जाणारा रस्ता चौकातून जातो, आणि चौकात तो स्वतःच उभा होता, फेटा बांधून, हसत.

त्या दिवसांत मी चौकातून जायचो तेव्हा वर बघणं टाळत असे. तरी दिसायचंच. वारा सुटला की फ्लेक्स फुगायचा आणि सुमेधचे गाल भरून यायचे. बांबूला शेळ्या अंग घासायच्या. तिकडे दौंडला हाडामांसाचा सुमेध जेवत नव्हता आणि इकडे हा दिवसेंदिवस टवटवीत. उसाच्या गाड्या खालून जात, धूळ उडे, आणि शनिवारी कुणीतरी निष्ठेनं पाणी मारून साहेबांचा गोल तेवढा स्वच्छ करी.

संगीताताई बांधावरून, गावाला वळसा घालून कामाला जायला लागल्या. एका संध्याकाळी माझ्या दाराशी थांबल्या. पाठीवर गवताचा भारा तसाच.

“सर, त्यो बोर्ड उतरवायला सांगा की कुणाला.”

“तुम्हीच सांगितलंत तर आप्पा ऐकतील.”

“मी सांगू व्हय? म्हणतील, ह्यांच्या दारात गेलो, मान दिला, त्यो बी ह्यांना सोसना.” भारा सावरत त्या म्हणाल्या, “पोरगं म्हणतंय कुरकुंभला कंपनीत लागतो. बूट बी कुणाला तरी देऊन टाकतो म्हणतंय. लागू द्या, कंपनी वाईट न्हाई. पर जवा बघावं तवा पाय हलत असत्यात त्याचं, सर. झोपंत बी. असा माणूस मशिनीपुढं उभा ऱ्हाईल का?”

मी आप्पांकडे गेलो. त्यांना वाईट वाटलं होतं, हे सांगायला हवं. ते दुष्ट नव्हते. ते फक्त घाईत होते आणि तो आमच्या भागात दोष मानत नाहीत.

“उतरवू की, सर. पोराचा बोर्ड हाय, त्याला नको तर नको. पर वर साहेबांचा फोटो हाय. साहेबांना खाली कोण वढणार? उद्या दुसरा गट म्हणायचा, आप्पानं साहेबाला उतरावलं.” त्यांनी खरोखरच विचार केला. “साहेबांचा वाढदिवस येतोय फुडच्या म्हैन्यात. तवा नवा लागंल, ह्यो आपसूक निघंल.”

एका मुलाचं गावात परतणं साहेबांच्या जन्मतारखेवर अवलंबून राहिलं. मोठमोठ्या माणसांच्या जन्मानं काय काय घडलं ते मी मराठीच्या धड्यांतून शिकवत आलो होतो. हे नवीन होतं.

मग मी दौंडला गेलो. क्वार्टरच्या पायरीवर सुमेधचे वडील बसले होते. फार बोलणारे गृहस्थ नव्हेत. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, “आमच्यात सिग्नल पडल्याबिगर गाडी हालत न्हाई, सर. गावात आदी गाडी सोडत्यात, मग सिग्नल हुडकत्यात.” आत सुमेध होता. मी त्याला धीराचं काही बोललो नाही. धीराची वाक्यं मी इतरांसाठी इतकी लिहून दिली होती की माझा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता.

काम केलं ते पीटर अंकलांनी. ते आले, कोपऱ्यातले बूट उचलले, उजवा काखेत मारला आणि डावा सुमेधच्या अंथरुणावर टाकला.

“राइटवाला मेरे पास. लेफ्ट सीखेगा तब देगा.”

“अंकल, मी खेळणारच न्हाई.”

“मत खेल. पण राइटवाला मिलेगा नहीं. कंपनी में लेफ्ट पहन के जा.”

दोन दिवस सुमेध रागात होता. तिसऱ्या दिवशी डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात स्लीपर घालून माझ्या खोलीसमोरच्या चिपाडावर उभा होता. दौंडच्या मैदानात सगळे ओळखीचे, तिथे त्याला लाज वाटायची. गावातून यायचं नव्हतं. म्हणून तो शटलनं एक स्टेशन अलीकडे, केडगावला उतरायचा आणि कालव्याच्या कडेनं चालत गुऱ्हाळावर यायचा. आई तिथेच भाकरी आणून द्यायची. त्याचं घर रुळांपलीकडे होतं, तिथून विहाराचा कळस दिसत होता. तो हंगामभर तेवढ्यावर थांबला.

स्लीपरची गंमत अशी की सवयीनं उजव्यानं मारलं की चेंडूच्या आधी स्लीपर जायची. मग चेंडू एकीकडे, स्लीपर दुसरीकडे आणि सुमेध एका पायावर उड्या मारत. गुऱ्हाळाचे मजूर पोट धरून हसायचे. “स्लीपरचा गोल झाला, स्लीपरचा!” उसाच्या गाडीवरचा एखादा ड्रायव्हर वेग कमी करून ओरडे, “येड लागलं व्हय रं सत्कारानं?” डाव्यानं मारलं तर चेंडू कालव्याकडे जायचा. सुमेध निमूट जाऊन आणायचा. पुन्हा मारायचा. चिपाडाची कुसं घोट्यात शिरायची. संध्याकाळी चुलाणाच्या उजेडात बसून तो ती काढायचा, आणि काढतानाही डावा पाय ठेका धरल्यासारखा हलत असायचा.

इथे गुळाची उपमा वापरायचा मोह होतो. मंद आच, घट्ट होणारा रस, वगैरे. मी ती वापरणार नाही. गूळ काही तासांत होतो. डावा पाय झाला नाही. दिवसामागून दिवस मी खिडकीतून पाहत होतो आणि मला फरक दिसत नव्हता. उलट मीच अस्वस्थ व्हायचो, उठून बाहेर जायचो, परत यायचो. नवीन काही होत नसताना तेच ते करत राहणं पाहायलाही कठीण असतं, हे मला त्या हंगामात कळलं.

इरफान नावाचा माणूस चुलाणात चिपाड सारायचा. मुजफ्फरनगरकडचा. भट्टीला उसंत मिळाली की तो गोलकीपर व्हायचा. “हमारे यहाँ तो कबड्डी है भैया, ये पैरवाला खेल हमको नहीं आता,” म्हणत बिनदिक्कत झेप टाकायचा, कारण पडायला चिपाड होतं.

साहेबांचा वाढदिवस झाला. चौकात नवा फ्लेक्स लागला आणि जुना, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, कामाला लागला. गुऱ्हाळाचे मालक आप्पांचे भाऊबंद. अवकाळीचं लक्षण दिसलं म्हणून वाळलेलं चिपाड झाकायला त्यांनी तो आणला. आभाळ गेलं, तसा इरफाननं तो दोन बांबूंना बांधून गोलमागे उभा केला. चेंडू कालव्यात जायचा थांबला. मी शाळेतून आलो आणि थबकलो. समोर फेटा बांधलेला सुमेध हसत होता, त्याच्यासमोर बूट-स्लीपर घातलेला सुमेध घामाघूम. दोघांची पहिल्यांदाच गाठ पडली होती.

आणि फ्लेक्सच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं होती. गोल, सुबक, पलीकडचं आभाळ दाखवणारी.

“इरफान, ये क्या किया?”

“सरजी, अंकल आए थे तब बोले थे ना, ऊपर के कोने में मारना सीखो. तो कोने में निशाना चाहिए. ये गोल-गोल पहले से बने थे. मैंने बस लाइन पे काट दिया.” त्यानं अभिमानानं सुरी पुसली. ते गोल कुणाचे होते, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याचं मत उत्तर प्रदेशात होतं.

सुमेधनं माझ्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तो हसला, आणि हसणं आवरेना म्हणून चिपाडात बसला.

त्यानंतर दोन्ही कोपरे त्याच्या डाव्या पायाचे झाले. आधी चेंडू कुठेही लागायचा, बहुतेक वेळा खालच्या शुभेच्छुकांना. मग फेट्याला. मग हळूहळू वर. एके दुपारी आप्पा गूळ बघायला आले. मी खिडकीतून त्यांची गाडी पाहिली आणि चप्पल न घालताच बाहेर आलो. आप्पा फ्लेक्ससमोर उभे होते.

“ह्यात माझा फोटो व्हता.”

सुमेधचा चेहरा उतरला. मला सगळं दिसायला लागलं होतं. मैदान बंद, इरफान परत पाठवलेला, संगीताताईंच्या दारासमोर प्रश्न विचारणारी माणसं.

इरफान पुढे आला. “साहब, आपका ही है. देखिए, गोल आप ही में से जाता है.”

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भोकाकडे. “मार बरं,” ते सुमेधला म्हणाले.

सुमेधनं चेंडू ठेवला. दोन पावलं मागे गेला. स्लीपर चिपाडात रुतली, बूट फिरला आणि चेंडू उजव्या कोपऱ्यातल्या भोकातून, काठाला न लागता, पलीकडे गेला. मी तोवर त्याला असा एकही फटका मारताना पाहिलेला नव्हता.

“ह्यो माझा का साहेबांचा?” आप्पांनी विचारलं.

“तुमचा, आप्पा.”

“मग आता साहेबांच्यातून मार.” आणि पुढचा चेंडू साहेबांच्या चौकटीला लागून परतला, तेव्हा आप्पा मान डोलवत म्हणाले, “त्यांच्यातनं काय बी सरळ जात न्हाई.” जाताना गुळाची ढेप घेऊन गेले. फ्लेक्सबद्दल पुढे एक अक्षर काढलं नाही. मी त्यांना तेव्हापासून थोडा मान देतो, बेताचा.

गुऱ्हाळं बंद होत आली, इरफान गावी गेला. पीटर अंकलांनी एक दिवस उजवा बूट परत दिला. पावसाळ्याच्या तोंडाशी सुमेध पुन्हा बंगळूरला गेला. या वेळी चौकाला पत्ता नव्हता. आई, वडील, अंकल, मी. निघताना मी त्याला शुभेच्छाही दिल्या नाहीत, फक्त डबा दिला. त्यानं तिथे दोन्ही पायांनी खेळ केला. आधी राखीव संघात घेतलं, पुढच्या वर्षी मुख्य संघात. खेळण्याचा पगार मिळणारा, आमच्या पंचक्रोशीतला माझ्या माहितीतला पहिलाच मुलगा.

ही बातमी मी स्वतः चौकात सांगितली. तो माझ्या आयुष्यातला एकमेव स्वयंस्फूर्त समारंभ.

“बरं झालं,” टपरीवरचे एक जण म्हणाले. “पर त्याचा सत्कार झालाय की आदीच. एका मानसाचा दोनदा कसा करायचा?” सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. दुसरा सत्कार होणार नाही, हे संगीताताईंना सांगितलं तर त्यांनी हात जोडले. आप्पांना की आणखी कुणाला, कळलं नाही.

परवा न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून चौफुल्याला आणि तिथून जीपनं मी खुटबावला गेलो. रस्ताभर उसाच्या गाड्यांच्या मागे. जीपवाला वैतागलेला, मीही. मोबाईलवर सुमेधच्या संघाची शेवटच्या सामन्याची नावं पुन्हा पाहिली. अकरांत तो नव्हता. राखीव बाकावर होता, शेवटची थोडी मिनिटं उतरला होता. करार वर्षाचा. पुढचा होईल की नाही, सांगता येत नाही. इतकी वर्षं त्या फेटेवाल्या सुमेधची बरोबरी झाली नाही म्हणून चौक टाळला, आणि आता एवढ्यासाठी खुटबावला उतरायचं? मोठा चषक वगैरे घेऊन आला असता तर समजलं असतं.

फलाटावर संगीताताई होत्या. नेहमीचंच पातळ. शटल आली, थांबली, दोनचार माणसं उतरली आणि शेवटी पाठीला पिशवी लावलेला सुमेध. खांदे रुंद झालेत. तो वाकला तेव्हा आईनं त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि मग तो हात तिथून काढलाच नाही.

“चौकातनं जायचं का बांधावरनं?” त्यांनी विचारलं. आवाज सहज ठेवायचा प्रयत्न होता.

“चौकातनं.”

आम्ही निघालो. चौकात नवा फ्लेक्स होता. कुणाची तरी कुठल्या तरी उपसमितीवर निवड. कुणी सुमेधकडे वळून पाहिलं नाही. टपरीवर आप्पा बसले होते, आता बरेच थकलेत. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

“कोण, सुमेध व्हय? काय रं, ट्रायल कवा हाय तुजी?”

मी तोंड उघडलं. दुरुस्त करायची सवय जात नाही. पण सुमेध आधी बोलला.

“रोजच असती, आप्पा.”

“व्हय का?” आप्पांनी मान हलवली. “मग चहा घेऊन जा.”

“उद्या येतो. आई थांबलीया.”

उसाची गाडी आमच्या शेजारून गेली आणि एक कांडकं रस्त्यात पडलं. सुमेध आईशी काहीतरी बोलत होता. न थांबता, खाली न बघता, त्यानं ते डाव्या पायानं अलगद बाजूला सारलं आणि गल्लीत वळला.